तुरुंगातला डॉक्टर कोणाचा?

हिंगोली, कळमनुरी, वसमत, सेनगाव, औंढा नागनाथ. कुठल्याही ठाण्यात एखाद्याला अटक झाली की पोलीस त्याला सरकारी दवाखान्यात घेऊन जातात. ‘आरोपीचं मेडिकल करून आणा’ हे वाक्य ठाण्यांतून रोज ऐकू येते. डॉक्टर रक्तदाब पाहतो, अंगावर मार किंवा जखमा आहेत का ते तपासतो, कागदावर नोंद करून सही करतो. काम थोड्या वेळाचे आहे. पण त्या कागदामागे अडीचशे वर्षांचा झगडा उभा आहे.

मोकळ्या माणसाला ताप आला तर तो उठून दवाखाना गाठतो. एका डॉक्टरचा गुण आला नाही तर दुसऱ्याकडे जातो, इथे जमले नाही तर नांदेडला नाहीतर छत्रपती संभाजीनगरला नेतात. कोठडीतल्या माणसाला यातले काहीच करता येत नाही. त्याची पावले शासनाने अडवली आहेत. म्हणून त्याचे दुखणे-खुपणे पाहणे ही शासनाची मेहेरबानी ठरत नाही, ते कुलूप लावणाऱ्याचे कर्तव्य ठरते. हे कर्तव्य कायद्यात फार लवकर आले. मात्र तुरुंगातला डॉक्टर नेमका कोणाचा, आजारी बंद्याचा की तुरुंगाचा, या प्रश्नाचे उत्तर तेव्हाही सरळ दिले गेले नाही आणि आजही दिले जात नाही. तुरुंगातील आरोग्यसेवेचा सारा इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरतो.

तुरुंगताप आणि पहिला कायदा

अठराव्या शतकात इंग्लंडच्या तुरुंगांत फाशीपेक्षा तापाने अधिक माणसे मरत. त्या रोगाचे नावच ‘तुरुंगताप’ पडले होते. आज आपण त्याला टायफस म्हणतो. तो अंगावरच्या उवांमुळे पसरतो. अंधाऱ्या, ओल्या, माणसांनी गच्च भरलेल्या खोल्यांत, महिनोन्महिने न बदललेल्या कपड्यांत उवा वाढत आणि त्यांच्यासोबत रोगही. कैद्याला न्यायालयात उभे केले की तो ताप न्यायाधीश, वकील, पंच यांनाही गाठे.

जॉन हॉवर्ड या गृहस्थाने इंग्लंडमधला एकेक तुरुंग पायाखाली घातला. त्याच्या साक्षीनंतर १७७४ मध्ये कैद्यांच्या आरोग्याचा कायदा झाला. भिंतींना चुना द्या, हवा खेळती ठेवा, आजाऱ्यांसाठी वेगळी खोली करा, अंघोळीची सोय करा, डॉक्टर नेमा, असे त्यात सांगितले होते. १७७७ मध्ये हॉवर्डने आपली पाहणी पुस्तकरूपाने मांडली. पुढे १७९० मध्ये तेव्हाच्या रशियन साम्राज्यातल्या खेरसन इथे तापानेच त्याचा अंत झाला. आजारी माणसांची दैना पाहण्याचा वसा त्याने शेवटपर्यंत सोडला नव्हता.

१८९४ चा कायदा: एका हाताने दिले, दुसऱ्याने राखले

हिंदुस्थानात कंपनी सरकारने तुरुंगांची चौकशी करायला १८३६ मध्ये समिती नेमली. मेकॉले तिचा सभासद होता. त्या समितीचा रोख शिक्षा कडक करण्याकडे होता. नंतर आणखी समित्या आल्या, आणि शेवटी १८९४ चा कारागृह अधिनियम झाला. आपल्या देशातल्या तुरुंगांचा कारभार सव्वाशेहून अधिक वर्षे या कायद्याच्या चौकटीत चालला आहे. हिंगोलीचा मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानचा हा कायदा इथे थेट लागू नव्हता. तरी बंदी ठेवण्याची जी रीत या कायद्याने घालून दिली, तीच हळूहळू सगळीकडची रीत झाली.

या कायद्यातल्या आरोग्याच्या तरतुदी आज वाचल्या तरी नवल वाटते. प्रत्येक तुरुंगात रुग्णालय किंवा आजाऱ्यांसाठी योग्य जागा असलीच पाहिजे. नव्या बंद्याची तपासणी झालीच पाहिजे. श्रमाची शिक्षा भोगणाऱ्याचे वजन पंधरवड्यातून एकदा तरी करून त्याच्या नोंदीच्या तिकिटावर लिहिले पाहिजे, म्हणजे तो खंगत चालला आहे का ते कळेल. एकांत कोठडीत ठेवलेल्याला डॉक्टरने वरचेवर पाहिले पाहिजे. शिक्षा संपलेल्या बंद्याला तीव्र किंवा धोकादायक आजार असेल, तर त्याच्या मनाविरुद्ध त्याला बाहेर काढायचे नाही. तुरुंगाच्या शिस्तीने कोणाच्या मनावर परिणाम होतो आहे असे दिसले, तर डॉक्टरने तसा अहवाल द्यायचा.

पण याच कायद्यात लिहिले आहे की, वैद्यकीय अधिकाऱ्याने आरोग्याचा कारभार अधीक्षकाच्या नियंत्रणाखाली पाहायचा. डॉक्टरला भेटायचे असेल तर बंद्याची विनंती तुरुंगाधिकाऱ्यामार्फत वर जाणार. त्याहून पुढची गोष्ट म्हणजे फटक्यांची शिक्षा द्यायची तर हा माणूस ती सोसू शकेल, असा दाखला याच डॉक्टरने द्यायचा आणि फटके मारले जात असताना तिथे हजर राहायचे. ज्याने बरे करायचे त्यानेच शिक्षेवर सही करायची, अशी ही रचना होती. अनेक ठिकाणी तर जिल्ह्याचा सिव्हिल सर्जनच तुरुंगाचा अधीक्षक असे. म्हणजे तक्रार ऐकणारा, ती खरी की ढोंग ठरवणारा आणि शिक्षा देणारा एकच माणूस.

रोज मोजली जाणारी माणसे

वसाहतीच्या काळात तुरुंग ही एक अशी जागा होती जिथे माणसांचे खाणे, वजन, आजार आणि मृत्यू रोज मोजले जात. गावात कोण कशाने गेले हे कोणी नीट लिहीत नसे, तुरुंगात मात्र लिहिले जाई. म्हणून वैद्यकशास्त्राची नजर तुरुंगांवर गेली.

त्यातला सर्वांत मोठा प्रसंग आपल्या मुंबईत घडला. १८९६ मध्ये मांडवीत प्लेग दिसला आणि शहर ओस पडू लागले. त्याच वर्षी ऑक्टोबरात वाल्देमार हाफकिन मुंबईत आले. ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या छोट्या जागेत त्यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. त्या महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. हाफकिन तिथे गेले. जवळजवळ निम्म्या कैद्यांनी लस घेतली, उरलेल्यांनी घेतली नाही. दोन्ही गटांचे अन्न एक, पाणी एक, जागा एक. काही दिवसांत निकाल हाती आला. लस न घेतलेल्यांपैकी बारा जणांना प्लेग झाला, त्यातले सहा दगावले. लस घेतलेल्यांपैकी दोघांना प्लेग झाला, पण कोणी दगावले नाही.

जगाला प्लेगच्या लशीचा पहिला भरवशाचा पुरावा मिळाला तो भायखळ्याच्या कैद्यांच्या दंडावर. परळच्या संस्थेला १९२५ पासून हाफकिन यांचे नाव आहे आणि ते योग्यच आहे. त्या कैद्यांची नावे मात्र कोणाच्या तोंडी नाहीत. ज्याला दार उघडून बाहेर जाता येत नाही, त्याने दिलेला होकार कितपत मोकळा असतो, हा प्रश्न तेव्हा कोणी विचारला नाही. विसाव्या शतकात अनेक देशांत कैद्यांवर औषधांचे प्रयोग झाले, काही फार क्रूर झाले, आणि मग कुठे जगाने या होकाराकडे संशयाने पाहायला सुरुवात केली.

तुरुंगाच्या ताटानेही असाच धडा दिला. जावा बेटावर आइकमन बेरीबेरी या रोगाचा माग काढत होते. त्यांच्या सांगण्यावरून फोर्डरमान या आरोग्य अधिकाऱ्याने १०१ तुरुंगांतला भात तपासला. जिथे असडी, कोंडा न काढलेला तांदूळ मिळत होता, तिथे हा रोग दहा हजारांत एखाद्याला झालेला दिसला. पांढऱ्या, सडीक तांदळाच्या तुरुंगांत तो एकोणचाळिसांत एकाला होता. जीवनसत्त्वांच्या शोधाची वाट इथून निघाली आणि १९२९ मध्ये आइकमन यांना नोबेल मिळाले.

आपल्याकडच्या १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात हाच मोजमापाचा मुद्दा वेगळ्या रीतीने पुढे आला. दुष्काळी कामांवरच्या मजुराला दिवसाला एक पौंड धान्य पुरे, असे सर रिचर्ड टेंपल यांनी ठरवले. मद्रासचे आरोग्य आयुक्त कॉर्निश यांनी त्याला विरोध केला आणि तुरुंगातल्या आहाराचा दाखला दिला. खडी फोडणाऱ्या कैद्यालाही याहून जास्त अन्न लागते, हे तुरुंगाच्या वह्यांत लिहिलेले होते. पुण्याची सार्वजनिक सभाही त्या काळात दुष्काळी मजुरांच्या बाजूने उभी राहिली. बंदिस्त माणसाची नोंद मोकळ्या माणसाच्या भाकरीच्या कामी आली.

ससूनमधला कंदील

१२ जानेवारी १९२४. येरवड्याच्या तुरुंगात सहा वर्षांची शिक्षा भोगणाऱ्या महात्मा गांधींच्या पोटात कळा येत होत्या. पुण्याचे सर्जन कर्नल मॅडॉक यांनी तपासले आणि आंत्रपुच्छाचे निदान करून त्यांना ससूनला हलवले. मुंबईहून गांधीजींच्या ओळखीचे डॉक्टर येईपर्यंत थांबण्यात जिवाला धोका होता. गांधीजींनी श्रीनिवास शास्त्री आणि पुण्याचे डॉ. फाटक यांना बोलावून घेतले. शस्त्रक्रियेला आपली पूर्ण संमती आहे, सर्जनवर आपला विश्वास आहे, काही बरेवाईट झाले तर सरकारला दोष देऊ नये, असे निवेदन शास्त्रींनी लिहिले आणि गांधीजींनी थरथरत्या हाताने त्यावर सही केली. रात्री शस्त्रक्रिया चालू असताना वीज गेली, मग उरलेली शस्त्रक्रिया कंदिलाच्या उजेडात पुरी झाली. ५ फेब्रुवारीला सरकारने गांधीजींची बिनशर्त सुटका केली.

ही घटना मॅडॉक यांच्या हातांच्या कौशल्यासाठी आठवली जाते. तिच्यातले एक अंग अधिक महत्त्वाचे आहे. त्या रात्री कर्नल मॅडॉक तुरुंगाचे डॉक्टर नव्हते, ते रोग्याचे डॉक्टर होते. त्यांनी निदान समजावून सांगितले, रोग्याच्या माणसांना बोलावू दिले, संमती घेतली आणि वेळ न दवडता दार उघडले. तुरुंगातल्या उपचाराकडून आज जे जे अपेक्षित आहे, ते सारे त्या एका रात्रीत घडले. ते घडले याचे एक कारण असे की, सगळ्या देशाचे डोळे त्या खाटेकडे लागले होते.

जिथे डोळे पोचत नव्हते तिथली स्थिती वेगळी होती. लाहोरच्या तुरुंगात राजबंद्यांच्या हक्कांसाठी उपोषणाला बसलेले जतींद्रनाथ दास यांना नळीने बळजबरीने दूध पाजण्याचा प्रयत्न झाला, ते फुप्फुसात गेले आणि उपोषणाच्या ६३ व्या दिवशी, १३ सप्टेंबर १९२९ ला त्यांचा मृत्यू झाला. १९३३ मध्ये अंदमानच्या सेल्युलर जेलमधल्या उपोषणात तीन क्रांतिकारकांचे प्राण गेले, तेही अशाच बळजबरीच्या पाजण्यामुळे. नळी घालणारे हात डॉक्टरांचे किंवा त्यांच्या हाताखालच्यांचे होते. जागतिक वैद्यकीय संघटनेने १९७५ मध्ये टोकियोत आणि १९९१ मध्ये माल्टात स्पष्ट केले की, शुद्धीवर असलेल्या, परिणाम समजून उपोषण करणाऱ्या बंद्याला डॉक्टरने जबरदस्तीने अन्न देऊ नये. कोणाचा हुकूम पाळायचा, या प्रश्नाला डॉक्टरांच्या जगाने दिलेले हे उत्तर होते.

न्यायालय आत डोकावते

स्वातंत्र्यानंतर तुरुंगाच्या दारावर थाप पडली ती न्यायालयांची आणि काही चिवट नागरिकांची. मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांनी पोलीस कोठड्यांतल्या स्त्रियांच्या हालांविषयी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. १९८३ मध्ये त्यावर निकाल आला. स्त्रियांसाठी वेगळ्या कोठड्या, महिला पोलीस आणि कायद्याची मदत यांचे आदेश निघाले. गुन्हा न केलेल्या मनोरुग्णांना तुरुंगात डांबणे बेकायदा आहे, हा १९९३ चा निकालही त्यांच्याच पाठपुराव्यातून आला. १९९६ च्या राममूर्ती खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या मोठ्या दुखण्यांची यादी केली, तीत आरोग्याची हेळसांड हा स्वतंत्र मुद्दा होता. २००६ च्या उपाध्याय खटल्यात गरोदर बंदिनी आणि त्यांची मुले यांच्याविषयी दंडक ठरले. शक्य तिथे बाळंतपण तुरुंगाबाहेरच्या रुग्णालयात व्हावे, जन्माच्या दाखल्यावर तुरुंगाचा पत्ता नसावा, सहा वर्षांपर्यंतच्या मुलाला आईजवळ राहता यावे आणि त्याच्या आहाराची, लशीची, खेळण्याची सोय असावी.

न्यायालयांचे सांगणे थोडक्यात असे: शिक्षा म्हणून स्वातंत्र्य जाते, जगण्याचा हक्क जात नाही. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये नेल्सन मंडेला यांच्या नावाने सुधारलेल्या नियमांत हेच अधिक नेमके मांडले. समाजात जशी आरोग्यसेवा मिळते तशीच बंद्याला मिळाली पाहिजे, ती फुकट मिळाली पाहिजे, आणि वैद्यकीय निर्णय फक्त वैद्यकीय माणसांनीच घेतले पाहिजेत.

कागद आणि बराक

आता आजचे चित्र. देशात २०२२ च्या अखेरीस ५ लाख ७३ हजारांहून अधिक बंदी होते. शंभर जणांच्या जागेत सरासरी १३१ जण. त्यांतले चारात तीन न्यायाधीन, म्हणजे कच्चे कैदी, ज्यांचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचा आहे. त्या वर्षी तुरुंगांत १,९९५ जणांचा मृत्यू झाला. १,७७३ मृत्यू नैसर्गिक म्हणून नोंदले गेले. अनैसर्गिक म्हणून नोंदलेल्या १५९ पैकी ११९ आत्महत्या होत्या.

गर्दी हाच तुरुंगातला मुख्य रोग आहे. खरूज एका पांघरुणातून दुसऱ्यात जाते. क्षय एका खोकल्यातून अख्ख्या बराकीत पसरतो. करोनाच्या काळात हे साऱ्यांना दिसले. मुंबईच्या आर्थर रोड कारागृहाची क्षमता तेव्हा ८०४ होती आणि आत अडीच हजारांहून जास्त माणसे होती. मे २०२० मध्ये तिथे संसर्ग शिरला आणि काही दिवसांत शंभरावर बंदी व कर्मचारी बाधित निघाले. त्या काळात यासाठी नेमलेल्या उच्चाधिकार समितीने राज्यातले सुमारे १७ हजार बंदी तात्पुरते सोडायचे ठरवले. त्या साथीत बराकीतली गर्दी कमी करणे हाच सर्वांत मोठा उपचार होता.

आदर्श कारागृह नियमावली दर तीनशे बंद्यांमागे एक डॉक्टर असावा असे सांगते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने प्रत्येक राज्यातल्या किमान एका कारागृहाच्या वैद्यकीय विभागात मानसोपचाराची आस्थापना सक्तीची केली. पण बराकीत रात्री छातीत कळ आलेल्या माणसाला डॉक्टरपर्यंत पोचायला अनेक दारे ओलांडावी लागतात. आधी पहाऱ्यावरच्या शिपायाला ती कळ खरी वाटली पाहिजे. मग अधिकारी उठला पाहिजे, आतल्या डॉक्टरने बाहेर पाठवण्याची चिठ्ठी दिली पाहिजे, मग पोलीस बंदोबस्त मिळाला पाहिजे. सभा, सण, निवडणूक असली की बंदोबस्त मिळत नाही आणि तारीख पुढे जाते. शहरातले रुग्णालय हाकेच्या अंतरावर असले तरी रोगी आतच राहतो.

तळोजा कारागृहातले फादर स्टॅन स्वामी ८४ वर्षांचे होते, त्यांना कंपवाताचा आजार होता. हात थरथरत असल्याने पेला धरता येत नव्हता. नळीने पाणी पिता यावे म्हणून २०२० च्या नोव्हेंबरात न्यायालयात अर्ज करावा लागला. ५ जुलै २०२१ रोजी, जामिनाचे अपील उच्च न्यायालयात प्रलंबित असताना, रुग्णालयात त्यांचा मृत्यू झाला. पाणी पिण्याची नळी ही कोर्टात मागायची गोष्ट नसते. वैद्यकीय निर्णय डॉक्टरच्या हाती असता तर ती पहिल्या दिवशी मिळाली असती.

आपल्या शेजारच्या परभणीची घटना तर अगदी ताजी आहे. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतूनच वेगळा झाला, त्यामुळे ते दुःख इथल्या लोकांना परके नाही. डिसेंबर २०२४ मध्ये अटक झालेला कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी याचा १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. शवविच्छेदनात अनेक जखमांची नोंद आली. जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. या प्रकरणात जो काही पुरावा बोलतो आहे तो मुख्यतः वैद्यकीय कागदांचा आहे. कोठडीतला मृत्यू २४ तासांत राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाला कळवावा, शवविच्छेदनाचे चित्रीकरण व्हावे, दंडाधिकाऱ्याने चौकशी करावी, हे नियम याचसाठी आहेत. आणि सुरुवातीला सांगितलेले ते थोड्या वेळाचे ‘मेडिकल’ही याचसाठी आहे. डॉक्टरने अंगावरचा वळ पाहून तो लिहिला, तर तो कागद बंद्याचे रक्षण करतो. पाहिलाच नाही किंवा पाहून लिहिला नाही, तर तोच कागद त्याच्या विरुद्ध जातो.

कुटुंबाला काय करता येते

आपले माणूस आत असेल आणि आजारी असेल, तर जुने केसपेपर, औषधांच्या चिठ्ठ्या, तपासण्यांचे अहवाल वकिलामार्फत न्यायालयासमोर ठेवावेत. दंडाधिकारी उपचाराचा आदेश देऊ शकतात. आजारी, अशक्त व्यक्ती आणि स्त्रिया यांच्या जामिनाचा विचार वेगळ्या दृष्टीने करण्याची तरतूद कायद्यात आहे. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. कोठडीतल्या प्रत्येक व्यक्तीला फुकट वकील मिळण्याचा हक्क आहे, तिथे उत्पन्नाची अट नाही. अटकेनंतर पहिल्यांदा न्यायालयात उभे केल्यावर मारहाण झाली का, काही आजार आहे का, हे आरोपीने स्वतः न्यायाधीशांना सांगावे. ते सांगितलेले लिहिले जाते आणि पुढे उपयोगी पडते.

उत्तर

नॉर्वेने १९८८ मध्ये तुरुंगांतली आरोग्यसेवा तुरुंग खात्याकडून काढून सार्वजनिक आरोग्य यंत्रणेकडे दिली. फ्रान्सने १९९४ मध्ये तेच केले. इंग्लंडने २००६ पर्यंत ती राष्ट्रीय आरोग्यसेवेत आणली. जागतिक आरोग्य संघटनाही हीच शिफारस करते. त्यामागचे कारण साधे आहे. डॉक्टरची बदली, बढती आणि गोपनीय अहवाल ज्याच्या हाती, त्याच्या मर्जीकडे डॉक्टरचे लक्ष राहणार. तुरुंगातला डॉक्टर अधीक्षकाला उत्तरदायी न राहता जिल्हा शल्यचिकित्सकाला उत्तरदायी असेल, त्याने लिहिलेली बाहेर पाठवण्याची चिठ्ठी कोणाला अडवता येणार नसेल, आणि रुग्ण नेण्यासाठी वेगळा बंदोबस्त राखून ठेवलेला असेल, तर १८९४ पासून लिहिलेले कर्तव्य पहिल्यांदा पुरतेपणी पाळले जाईल. त्यासाठी नवे औषध शोधावे लागत नाही, फार मोठा पैसाही लागत नाही. एका खात्याचा अधिकार दुसऱ्या खात्याकडे द्यावा लागतो.

हे काम बंद्यांवर उपकार म्हणून करायचे नाही. चारातले तीन बंदी निकालाआधीचे आहेत. ते आज ना उद्या आपल्याच गल्लीत परत येणार आहेत. पहाऱ्यावरचा शिपाई रोज संध्याकाळी आपल्या घरी जातो. आत उपचार न झालेला क्षय उद्या वसमतच्या बाजारात आणि कळमनुरीच्या शाळेत पोचतो. आणि हे सारे बाजूला ठेवले, तरी एक गोष्ट उरते. ज्याला आपण सर्वांच्या नावाने कुलपात ठेवले, तो आजारी पडल्यावर त्याच्यासाठी दार उघडणे हे आपले सर्वांचे देणे आहे. तुरुंगातला डॉक्टर रोग्याचाच असला पाहिजे, हे आता कायद्याने आणि खात्याच्या रचनेने पक्के करायला हवे.